किनाऱ्यावरचा दुसरा कोळी



मराठीत ‘कोळी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कोळी समुद्रात जाळे टाकून मासे धरतो. दुसरा घराच्या कोपऱ्यात जाळे विणून माशी-चिलटे धरतो. भाषेने या दोघांना एकच नाव दिले, ते बहुधा त्यांच्या हातातील जाळ्यामुळे. पहिल्याचे घर सागरकिनारी आणि दुसऱ्याचे घर जमिनीवर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जगाच्या काही खडकाळ किनाऱ्यांवर दुसऱ्या प्रकारचाही कोळी राहतो. भरतीच्या वेळी समुद्र त्याच्या घरावरून वाहतो आणि ओहोटी लागली की तो दाराबाहेर येतो. ‘डेसिस’ या नावाने प्राणिशास्त्रात ओळखल्या जाणाऱ्या या आठ पायांच्या जीवाचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. सातारा-सांगलीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या मुलखात हा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल; कारण या कोळ्याच्या भारतातील इतिहासाचा एक धागा थेट साताऱ्याच्या डोंगरांपर्यंत पोहोचतो.

प्रथम कोळी या प्राण्याविषयी थोडेसे. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. एप्रिल २०२२ मध्ये जगातील ज्ञात कोळ्यांच्या जातींची संख्या पन्नास हजारांवर गेली. वाळवंटात, हिमाच्छादित पर्वतांवर, गुहांच्या अंधारात, घराच्या आढ्याला, सर्वत्र कोळी आहेत. मात्र समुद्राशी त्यांचे सहसा जमले नाही. याचे कारण त्यांच्या श्वसनात आहे. कोळ्याच्या पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांची फुप्फुसे असतात. या पानांमधून हवा खेळते आणि तिच्यातील प्राणवायू रक्तात उतरतो. ही रचना हवेसाठी आहे, पाण्यासाठी नाही. माशाला कल्ले असतात, कोळ्याला नाहीत. त्यातच समुद्राचे पाणी खारट आणि लाटा जोरदार. अशा ठिकाणी हवेवर जगणाऱ्या एवढ्याशा जीवाने घर करावे, हीच मुळात आश्चर्याची गोष्ट आहे.

भरती-ओहोटीचा खडकाळ पट्टा म्हणजे नेमके काय, हे सांगलीकरांना निराळ्या शब्दांत समजावून सांगता येईल. कृष्णेचा पूर काय असतो, हे या शहराला ठाऊक आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत पाणी कसे चढत गेले, आयर्विन पुलाजवळची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्यावरून पंचेचाळीस फुटांच्या धोक्यापर्यंत जाताना घराघरांत कशी आवराआवर झाली, धान्याची पोती आणि कागदपत्रे वरच्या मजल्यावर कशी गेली, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. माणसाच्या आयुष्यात असा प्रसंग काही वर्षांनी येतो आणि तो कायमचा स्मरणात राहतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या आयुष्यात पूर दिवसातून साधारणपणे दोनदा येतो. सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांच्या अंतराने भरती येते आणि ओसरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी अधिक वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढ-उतार कमी होतो. या कोळ्याला वरचा मजला नाही. तो पाणी येणाऱ्या ठिकाणीच राहतो आणि पाणी अंगावरून जाऊ देतो.

हे त्याला कसे साधते? त्याच्याजवळ साधन एकच, आणि ते प्रत्येक कोळ्याजवळ असते: रेशमाचा धागा. अंगणातला कोळी त्या धाग्याचे भक्ष्य पकडण्याचे जाळे करतो. हा कोळी त्याचे घर करतो. खडकातील चीर, प्रवाळातील छिद्र, सागरी किड्याने सोडून दिलेली नळी, रिकामा शिंपला किंवा शेवाळाच्या मुळासारख्या पकडीतील पोकळी अशी जागा तो निवडतो. तिला आतून रेशमाचे दाट अस्तर करतो आणि तोंडही रेशमानेच बंद करतो. हे विणकाम इतके घट्ट असते की भरतीचे पाणी आत सहज शिरत नाही आणि आतील हवा बाहेर जात नाही. मुठीएवढ्याही नसलेल्या त्या पोकळीत हवेचा लहानसा साठा अडकून राहतो. समुद्र माथ्यावर असेपर्यंत कोळी त्या साठ्यावर निर्वाह करतो.

या जातींपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो न्यूझीलंडच्या ‘डेसिस मरिना’ या जातीचा. तेथील किनाऱ्यावर मोठ्या आकाराचे समुद्री शेवाळ खडकाला घट्ट पकडून वाढते. त्या पकडीच्या पोकळ्यांत हा कोळी राहतो. समुद्र खवळलेला असला आणि ओहोटीतही घराचे दार उघडे पडले नाही, तर ही जात एकोणीस दिवसांपर्यंत पाण्याखालील घरात जिवंत राहिल्याची नोंद आहे. एकोणीस दिवस! सांगलीच्या २०१९ च्या महापुरात आठवडाभर पाण्याने वेढलेल्या घरांत काय परिस्थिती होती, ते आठवले की या आकड्याचे मोल कळते. या सहनशक्तीचे रहस्य मोठ्या साठ्यात नाही. साठा लहानच असतो. परंतु हा कोळी प्राणवायू फार कमी वापरतो. पाणी वर असताना तो धडपड करीत नाही, बाहेर पडण्याचा प्रयत्न करीत नाही. त्याच्या शरीराची गरजच अल्प असते. साठा वाढविण्याऐवजी खर्च कमी ठेवणे, हा त्याच्या जगण्याचा मार्ग आहे.

येथे गोड्या पाण्यातील एका कोळ्याचा उल्लेख केल्यास तुलना स्पष्ट होईल. युरोप आणि आशियाच्या काही भागांतील तळ्यांत ‘आर्गिरोनेटा’ नावाचा पाणकोळी राहतो. तो पाण्याखालील वनस्पतींमध्ये रेशमाचा घुमट विणतो आणि पृष्ठभागावरून हवेचे बुडबुडे आणून तो भरतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की हा बुडबुडा एक प्रकारच्या कल्ल्याचे काम करतो. कोळी आतील प्राणवायू वापरू लागला की बुडबुड्यातील त्याचे प्रमाण घटते आणि भोवतालच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू आत झिरपू लागतो. मात्र हवेतील नायट्रोजन हळूहळू बाहेर जात असल्याने बुडबुडा लहान होत जातो आणि त्याला अधूनमधून नवी हवा आणावी लागते. शांत तळ्यात ही ये-जा शक्य आहे. लाटांच्या माऱ्यात ती शक्य नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्याने हवा आणण्याचा नाद सोडला आणि ओहोटीच्या वेळी घरात असलेली हवा राखून ठेवण्याचा मार्ग धरला. एकाच अडचणीची ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत.

पाणी ओसरल्यावर, विशेषतः रात्रीच्या ओहोटीत, हा कोळी घराबाहेर पडतो. तो जाळे लावून बसत नाही. फिरून शिकार करतो. झिंग्यांच्या दूरच्या नात्यातील, ओल्या खडकांवर उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव हे त्याचे मुख्य अन्न. त्यासाठी त्याचे जबडे विलक्षण मोठे आणि पुढे आलेले असतात. शरीर साधारण सेंटिमीटरभर लांबीचे. पुढचा भाग तांबूस-तपकिरी, मागचा भाग राखाडी आणि बारीक लवेने आच्छादलेला. ही लव शोभेसाठी नाही. पाण्यात सापडल्यास तिच्यात हवेचा पातळ थर अडकून राहतो आणि अंग सहसा भिजत नाही. पाणी पुन्हा चढू लागण्यापूर्वी त्याला घरी परतावे लागते. घरात मादी अंडी घालते आणि पिल्ले त्याच बंद कोठडीत जन्म घेतात.

‘डेसिस’च्या जातींची संख्या फार नाही. जगभर मिळून जेमतेम पंधरा-सोळा. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पुढे गालापागोस बेटांपर्यंत त्या विखुरलेल्या आहेत. भारतातून वर्णन झालेल्या जाती दोन. पहिली लक्षद्वीपची ‘डेसिस गार्डिनेरी’. जे. स्टॅन्ली गार्डिनर या प्राणिशास्त्रज्ञाने १८९९-१९०० मध्ये मालदीव आणि लक्षद्वीप बेटांच्या जीवसृष्टीचा शोध घेतला. त्यातील कोळ्यांचा अभ्यास करून आर. आय. पोकॉक यांनी १९०४ मध्ये या जातीला गार्डिनर यांचे नाव दिले. दुसरी जात ‘डेसिस इनर्मिस’. तिचे वर्णन एफ. एच. ग्रेव्हली यांनी १९२७ मध्ये केले. मन्नारच्या आखातातील, पांबनजवळच्या क्रुसडाई या लहानशा प्रवाळ बेटाच्या किनारी जीवसृष्टीचा अभ्यास मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने हाती घेतला होता. त्या काळी ग्रेव्हली हे त्या संग्रहालयाचे अधीक्षक होते. ‘इनर्मिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘निःशस्त्र’. कोळ्याचे भले मोठे जबडे पाहता हे नाव ऐकून गंमत वाटेल. परंतु प्राणिशास्त्रात शरीराच्या एखाद्या भागावर काटे किंवा दात नसले तरीही हा शब्द योजण्याची रीत आहे.

आता साताऱ्याच्या धाग्याकडे वळता येईल. हेच ग्रेव्हली मद्रासला जाण्यापूर्वी कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात काम करीत होते. त्या वेळी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, त्यांनी सातारा जिल्ह्यातील कोयना आणि वेण्णा नद्यांच्या खोऱ्यांत हिंडून लहान जीवांचे नमुने गोळा केले. १९१५ मध्ये भारतातील बिळांत राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांवर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णन केलेल्या एका कोळ्याला त्यांनी नाव दिले: ‘प्लेसिओफ्रिक्टस सातारेन्सिस’. साताऱ्याचे नाव अशा रीतीने जगाच्या कोळ्यांच्या यादीत गेले. पुढे १९७७ मध्ये डॉ. बी. के. टिकादार यांनी त्याच गटातील एका कोळ्याला महाबळेश्वरचे नाव दिले. नंतरच्या संशोधनात अशा काही नावांची फेरमांडणी झाली. शास्त्रात ते होतच असते. परंतु महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ज्या माणसाने साताऱ्याच्या डोंगरात दगडाखालचा कोळी पाहिला, त्यानेच बारा वर्षांनंतर समुद्राच्या भरतीखालचा कोळी जगापुढे आणला. डोंगर आणि समुद्र या दोन जागा दूरच्या; वाकून पाहण्याची सवय मात्र एकच होती.

या दोन कोळ्यांत आणखी एक साम्य आहे. साताऱ्याचा बिळातला कोळीही आपल्या घराला रेशमाचे अस्तर करतो. सह्याद्रीच्या पावसात भोवतालची माती चिंब होते, तेव्हा ते अस्तर बिळाच्या भिंती सावरून धरते. एका ठिकाणी चार महिन्यांचा पाऊस, दुसऱ्या ठिकाणी रोजचा समुद्र, साधन तेच. शिवाय या जिल्ह्यांतील खडकही समुद्राशी नाते सांगतो. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर ज्या काळ्या कातळाचे बनले आहेत, त्याच ज्वालामुखीच्या कातळावर कोकणातील कित्येक ठिकाणी लाटा आदळतात. लाव्हाचे ते थर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरले आहेत.

मग असा जीव एवढा अपरिचित का राहिला? कारण साधे आहे. तो लहान आहे, निशाचर आहे, बहुतांश वेळ बंद दाराआड आहे, आणि त्याचे अंगण दिवसातून काही तासच उघडे पडते. माणसाने किनाऱ्यावर योग्य वेळी, योग्य जागी, खाली वाकून पाहिले तरच तो दिसतो. ऑस्ट्रेलियातील एक उदाहरण बोलके आहे. २००९ च्या जानेवारीत क्वीन्सलंड प्रांतातील पोर्ट डग्लस येथे मोठ्या ओहोटीच्या वेळी प्रवाळावर एक कोळी आढळला. तो नव्या जातीचा असल्याचे जाहीर होण्यास २०१७ चा डिसेंबर उजाडला. गायक बॉब मार्ले यांच्या भरती-ओहोटीवरील एका गीताची आठवण म्हणून संशोधकांनी त्याचे नाव ‘डेसिस बॉबमार्लेई’ असे ठेवले. सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत सुमारे नऊ वर्षे गेली. लहान जीवांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे.

नाव मिळाले म्हणजे जीव सुरक्षित झाला, असे मात्र नाही. या कोळ्याचे सारे आयुष्य एका अरुंद पट्ट्यात बांधलेले आहे. थोडे वर गेला तर ऊन आणि कोरडेपणा, थोडे खाली गेला तर हवा भरून घेण्यास ओहोटीच नाही. या दोहोंच्या मध्ये, चिरा आणि छिद्रे असलेला खडक त्याला लागतो. बांधकामासाठी किनाऱ्यावरचा दगड उचलला, खडकावर काँक्रीटची गुळगुळीत भिंत उभी राहिली, तेलाचा तवंग चिरांमध्ये शिरला, तर त्याचे घरच जाते. समुद्राची पातळी जगभर हळूहळू वाढत आहे. तिच्याबरोबर हा पट्टाही वर सरकायला हवा. परंतु मागे भिंत असेल तर तो सरकणार कोठे? भारतात १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधील पट्ट्याला संवेदनशील क्षेत्रांत स्थान दिले, आणि पुढील अधिसूचनांतही तो विचार राहिला. क्रुसडाईसह मन्नारच्या आखातातील एकवीस बेटे १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाली. हे निर्णय प्रवाळ आणि मोठ्या जलचरांकडे पाहून झाले असले, तरी त्यांची सावली या बोटभर जीवावरही पडली आहे.

हीच गोष्ट सातारा-सांगलीच्या भूमीलाही लागू पडते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या अन्य स्थळांसह जागतिक वारशाच्या यादीत गेले. वाघाच्या आणि फुलांच्या नावाने राखलेल्या या जागांत दगडाखालचे कोळीही राखले जातात. कासला फुलांच्या हंगामात जाणाऱ्यांची नजर फुलांवर असते आणि पाऊल दगडावर. छायाचित्रासाठी दगड उलटला किंवा दगडावर दगड रचून मनोरा केला, तर त्याखालचे घर उघडे पडते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

शेतीशीही या जीवांचा संबंध आहे. जगातील सारे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यात कीटकांचा वाटा सर्वांत मोठा. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत, मिरजेच्या हळदीच्या शेतात, कराडच्या उसात कोळी हे काम विनामोबदला करीत असतात. सरसकट फवारणीत किडीबरोबर किडीचा शत्रूही मरतो. आणि कीड लवकर परत येते, कोळी मात्र सावकाश. बागेतील जाळे हे अस्वच्छतेचे लक्षण मानण्यापूर्वी एवढे लक्षात घेणे हिताचे ठरेल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कोळी हा शिकारी आहे; त्याला सात्त्विकतेचा पोशाख चढविण्याचे कारण नाही. जैन परंपरेने जीवांची गणना करताना एका इंद्रियाच्या जीवापासून पाच इंद्रियांच्या जीवापर्यंत सर्वांना मोजले. त्यात कोण उपयुक्त, कोण सुंदर, कोण निरुपद्रवी अशी चाळणी लावली नाही. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहावी, हा संस्कार या सभागृहातील प्रत्येकाला घरातून मिळालेला आहे. शास्त्रज्ञाचे वाकून पाहणे आणि श्रावकाचे पाहून पाऊल टाकणे यांचे हेतू निराळे आहेत. परंतु दोहोंच्या नजरेतून लहान जीव सुटत नाही.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत येथील अनेक कुटुंबे कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून कोकणात जातात. किनाऱ्यावर ओहोटी लागली की मुले खडकांकडे धावतात. त्यांना अडवू नये. खडकातील डबकी, शंख-शिंपले, चिरांमधील हालचाल त्यांना पाहू द्यावी. भरती केव्हा परतणार, याची स्थानिकांकडे आधी चौकशी करावी. शिंपला रिकामा दिसला तरी तो खिशात घालण्यापूर्वी त्यात कोणाचे बिऱ्हाड आहे काय, हे पाहण्यास सांगावे. आणि एखादा दगड उचललाच, तर तो जसा होता तसाच, त्याच जागी, त्याच बाजूवर, हलक्या हाताने परत ठेवण्यास शिकवावे. दगडाची खालची बाजू वर राहिली, तर तिच्यावरचे ओलसर जग उन्हात वाळून जाते. पुन्हा पालथा ठेवला, तर भरती येण्यापूर्वी आतल्या जीवाला आपले दार लावून घेण्यास वेळ मिळतो.